मांडणशिल्पात शिरण्याआधी: प्रकाश, नाद आणि आपले डोळे-कान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी मुलीकडे न्यू जर्सीला निघालेलं असतं, कुणी कंपनीच्या कामासाठी जपानला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात फोन येतो: "तिकडे उजेडाच्या खोल्यांचं काहीतरी असतं म्हणे. वेळ काढून जाण्यासारखं आहे का?" मी भौतिकशास्त्र शिकवत आलो आणि या प्रकारच्या कलेचं मला वेड आहे, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. तीच ती उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत.

हे नेमकं असतं काय? चित्र, शिल्प, सिनेमा, की आणखी काही?

मराठी कलासमीक्षेत 'इन्स्टॉलेशन'ला मांडणशिल्प म्हणतात. चित्रासमोर आपण उभे राहतो, मांडणशिल्पात मात्र आपण आतच असतो. खोली, उजेड, अंधार, धुकं, आरसे, स्पीकर ही त्याची सामग्री.

मांडणशिल्पांची घराणी अनेक आहेत. मी इथे एकाच घराण्याबद्दल बोलणार आहे: माणूस पाहतो कसा आणि ऐकतो कसा, हाच ज्यांचा विषय आहे असे कलाकार. अमेरिकेचे जेम्स टरेल यांच्या खोलीत पाहण्यासाठी वस्तू म्हणून काहीच ठेवलेलं नसतं. तरी लोक तिथे अर्धा-अर्धा तास बसून राहतात. स्वतःची नजर काम कशी करते, हे त्यांना तिथे बसल्या जागी दिसत असतं.

मुंबईत 2023 साली व्हॅन गॉगच्या चित्रांचा भिंतभर शो झाला होता. तसंच का?

नाही. दोन्हींना 'इमर्सिव्ह' म्हणतात म्हणून गोंधळ होतो. त्या शोमध्ये प्रोजेक्टरने चित्रं मोठी करून भिंतींवर आणि जमिनीवर फिरवलेली असतात. मुलांना आवडतं, फोटो छान येतात, पण नजरेबद्दल तिथे काही नवं कळत नाही. व्हॅन गॉगने रंगाचा जो जाड थर दिला, तो प्रोजेक्टरच्या उजेडात सपाट होतो. एकाच दिवशी दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर मी टरेलची रिकामी खोली निवडेन आणि तुम्हालाही तेच सांगेन.

'भौतिकशास्त्रावर आधारित' हे खरं असतं की नुसतं नाव द्यायला?

काही ठिकाणी नुसतं नावच असतं. ज्यांचं काम खरं आहे, त्यांच्याकडे मात्र भौतिकशास्त्र बाजूला काढलं तर कलाकृती शिल्लकच राहत नाही.

बी.एस्सी.ला न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल केलेल्या सगळ्यांना अंधाऱ्या प्रयोगशाळेतला, लाकडी खोक्यातला सोडियमचा दिवा आठवेल. बटण दाबलं की आधी लालसर-गुलाबी उजेड येतो, मग पाच-सात मिनिटांत तो पिवळाधमक होतो. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवरून मान वर केली की बाजूचं जग बदललेलं असतं. जर्नलवरची लाल पट्टी काळपट तपकिरी, शेजारच्या मुलीच्या हिरव्या बांगड्या जवळजवळ काळ्या, आपलाच हात मेणाचा वाटावा असा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रीडिंग घ्यायचं सोडून खिशातल्या सगळ्या वस्तू एकेक करून त्या दिव्यापुढे धरल्या होत्या. कारण साधं आहे. त्या दिव्यातून मुख्यतः 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर या दोनच तरंगलांबींचा प्रकाश येतो. लाल वस्तूवर लाल प्रकाश पडलाच नाही, तर ती परत काय पाठवणार? वस्तूचा रंग वस्तूत 'असतो' ही आपली समजूत तिथे पाच मिनिटांत सुटते.

ऑलाफर एलियासन यांनी हाच अनुभव एका अवाढव्य जागेत उभा केला. त्यांचा जन्म 1967 साली कोपनहेगनचा, घराणं आइसलँडचं. लंडनचं टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय मुळात वीजकेंद्र. त्याचा टर्बाइन हॉल 155 मीटर लांब आणि 35 मीटर उंच आहे. 16 ऑक्टोबर 2003 पासून 21 मार्च 2004 पर्यंत तिथे त्यांचा 'द वेदर प्रोजेक्ट' होता. हॉलच्या टोकाला सुमारे 200 एकरंगी पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ. अख्ख्या छताला आरसे, त्यामुळे अर्धवर्तुळ आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पूर्ण सूर्य. हवेत हलकं धुकं. सुमारे 20 लाख लोक येऊन गेले. लंडनच्या ऐन हिवाळ्यात माणसं त्या थंडगार फरशीवर उताणी झोपत, हातपाय पसरून वरच्या आरशात आपला ठिपका शोधत, अनोळखी माणसांबरोबर आकार तयार करत.

त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की युक्ती लपवलेली नव्हती. सूर्याच्या मागे जाऊन दिवे आणि वायरी बघता येत होत्या. बघून परत पुढे आलं, तरी सूर्य सूर्यच वाटायचा. 'हे दिवे आहेत' हे कळणं आणि 'हा सूर्य आहे' हे वाटणं, या दोन गोष्टी माणसात एकाच वेळी सुखाने राहू शकतात.

टरेलच्या खोलीत काही जण घाबरतात, काहींना भिंत दिसते पण हाताला लागत नाही. हे कसं होतं?

या खोल्यांना 'गांझफेल्ड' म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ 'संपूर्ण क्षेत्र'. 1930 साली मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग मेट्झगर यांनी असे प्रयोग केले होते: नजरेच्या पूर्ण टप्प्यात एकसारखाच उजेड, ना रेघ, ना सावली, ना कोपरा.

डोळा कॅमेऱ्यासारखा काम करतो असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. पडद्यावर किती उजेड पडला यापेक्षा इथे आणि शेजारी फरक किती, ही बातमी मेंदूकडे जास्त जाते. म्हणून डोळा सतत बारीक थरथरत असतो. थरथरल्यामुळे कडा हलतात, कडा हलल्यामुळे बातमी चालू राहते. आता ज्या खोलीत कडाच नाही, तिथे डोळा थरथरला काय आणि नाही थरथरला काय, बातमी एकच. थोड्या वेळाने रंग विरत जातो, राखाडी होतो. समोर दोन फुटांवर भिंत आहे की शंभर फूट मोकळं आहे, सांगता येत नाही. काहींना नसलेले आकार दिसू लागतात.

टरेल यांचा जन्म 1943 चा. कॉलेजात त्यांनी संवेदनांचं मानसशास्त्र शिकलं, वैमानिक म्हणूनही ते उडत असत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट अर्विन हे कलाकार आणि एडवर्ड वॉर्ट्झ हे मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर त्यांनी निनाद-विरहित (भिंतींवरून आवाज परत न येणाऱ्या) खोलीत आणि गांझफेल्डमध्ये प्रयोग केले. त्यातून पुढचं सगळं आलं. त्यांच्या दालनात कोपरे गोलाकार लिंपलेले असतात, दिवे उंबऱ्याच्या आड दडवलेले असतात आणि पांढऱ्या रंगावर डाग पडू नये म्हणून बुटांवर कापडी खोळ घालायला लावतात. गंमत म्हणून नव्हे, एखादा बुटाचा ठसासुद्धा डोळ्याला 'कड' देतो आणि सगळं मोडतं.

धोका खरा आहे. 1980 साली न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या प्रदर्शनात, नसलेल्या भिंतीला टेकायला गेलेले लोक पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे आतला माणूस "इथून पुढे जाऊ नका" म्हणाला, तर तिथेच थांबा.

त्यांची दुसरी मालिका म्हणजे 'स्कायस्पेस': एक खोली, भोवती बाक आणि छताला झरोका. झरोक्याची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ केलेली असते, म्हणून छताची जाडी दिसत नाही आणि आकाश खाली सरकून छताच्या पातळीला येऊन बसल्यासारखं वाटतं. संध्याकाळी आतले दिवे नारिंगी केले की आकाश गडद निळं, दिवे बदलले की तेच आकाश हिरवट. आकाशाला कुणी हात लावलेला नसतो. जमलं तर सूर्यास्ताचीच वेळ गाठा. दुपारी जाऊन आलेले लोक "झरोकाच तर होता" म्हणतात, आणि दुपारी ते खरंही असतं.

जपानमध्ये एका दालनात दहा मिनिटं नुसता अंधार होता. काहीतरी चुकलं असेल का?

बहुधा तुम्ही नाओशिमा बेटावरच्या मिनामीदेरामध्ये होता. इमारत तादाओ आंदो यांची, आतलं काम टरेल यांचं, 1999 सालचं. हात धरून अंधारात नेतात, बाकावर बसवतात आणि थांबायला सांगतात. बऱ्याच मिनिटांनी समोर एक फिकट आयत उमटतो. तो उजेड पहिल्यापासून तिथेच असतो. तयार व्हायला वेळ लागतो आपल्या डोळ्यांना.

डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण 60 लाख, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण 12 कोटी. अंधारात आल्यावर शंकुपेशी दहाएक मिनिटांत जमेल तितकं जमवून घेतात. दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा तास लागतो, कारण उजेडाने विरलेलं त्यांच्यातलं रंगद्रव्य पुन्हा तयार व्हावं लागतं. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. म्हणून अंधुक गोष्ट रोखून पाहिली की नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसते. अमावास्येला आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना ही तिरकी नजर सवयीची असते.

मोबाइल खिशातून काढू नका. एकदा स्क्रीन पेटली की तुमचाच नव्हे, बाकावरच्या सगळ्यांचा अर्धा तास वाया जातो.

आवाजाची मांडणशिल्पं म्हणजे काय? मोठ्या आवाजात संगीत?

आवाज मोठा असतोही कधीकधी. पण मुद्दा वेगळा आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला तो चटकन कळावा असा आहे.

न्यूयॉर्कमध्ये 275, चर्च स्ट्रीट इथे 'ड्रीम हाउस' आहे. 1993 पासून. संगीतकार ला मॉन्टे यंग यांचा नाद, मॅरियन झझीला यांचा प्रकाश. (झझीला 2024 साली गेल्या.) जिना चढून वर जायचं, चप्पल-बूट बाहेर, आत गालिचा आणि जांभळट-गुलाबी उजेड. स्पीकरमधून शुद्ध स्वरलहरींचा एक जुडगा अखंड चालू असतो. त्यांच्या कंपनसंख्यांचं एकमेकींशी नेमकं गणिती नातं ठरवलेलं आहे. तो जुडगा कधीच बदलत नाही. तरी तुम्ही मान वळवली की सूर बदलतो, दोन पावलं टाकली की भलताच स्वर वर येतो, आणि स्तब्ध बसलं की बदल थांबतो.

याचं कारण अप्रगामी तरंग. भिंतीवर आपटून परतलेली लहर येणाऱ्या लहरीत मिसळते आणि खोलीत आवाजाचे डोंगर आणि दऱ्या जागच्या जागी उभ्या राहतात. 1000 हर्ट्झच्या स्वराची लांबी हवेत साधारण 34 सेंटिमीटर. म्हणजे दोन दऱ्यांमधलं अंतर 17 सेंटिमीटर, वीतभराच्याही आत. डोकं वीतभर हललं की तुम्ही एका दरीतून डोंगरावर चढून पुन्हा दरीत उतरलेले असता. प्रत्येक स्वराची दरी वेगळ्या ठिकाणी, म्हणून खोलीतल्या प्रत्येक बिंदूवर वेगळा स्वरमेळ. चालताना स्वरांची निवड तुम्हीच करत असता.

आता आपल्याशी असलेलं नातं, ओढूनताणून आणलेलं नव्हे. यंग आणि झझीला दोघंही पंडित प्राणनाथ यांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले, 1970 साली न्यूयॉर्कला गेले. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि तंबोरे घडवणारी मिरज ती हीच. एकेक स्वर घोटून त्यात बुडी मारायची किराण्याची शिस्त मिरजेकडच्या माणसाला नव्याने सांगायला नको.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की आवाज मिटतो किंवा फुलतो. जवारी नेमकी जमली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार म्हणजे खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर. तो तारेत आधीपासून असतोच, जवारी त्याला वर आणते. ड्रीम हाउसमध्ये भिंती आणि तुमची मान मिळून जवारीचं काम करतात, असं मी मला समजावतो. भौतिकशास्त्रात या दोन गोष्टी एकच नाहीत, पण कानाला जी शोधाशोध करावी लागते ती तीच.

चाळीस स्पीकर गोलात उभे केलेली एक कलाकृती ऐकली होती. त्यात एवढं काय आहे?

ती जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलाकार बाईंची 'फोर्टी पार्ट मोटेट', 2001 सालची. सोळाव्या शतकातल्या टॉमस टॅलिस यांची चाळीस आवाजांची एक धार्मिक रचना आहे. कार्डिफ यांनी प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला आणि प्रत्येकासाठी माणसाच्या उंचीचा एक स्पीकर लावला. मध्यभागी उभं राहिलं की आवाजाची एकसंध लाट. एका स्पीकरजवळ कान नेला की एकच माणूस, त्याचा श्वास, गाणं सुरू होण्याआधीचं त्याचं खाकरणं.

आळंदी-पंढरपूर वाटेवर दिंडीतून चाललेल्यांना हे शब्दांत सांगावं लागणार नाही. दुरून ऐकलं तर 'ग्यानबा-तुकाराम'चा एकच गजर. आत शिरून चालू लागलं की शेजारच्या आजींचा चिरका, खरा आवाज, पुढच्या माणसाची टाळांची किंचित पुढे धावणारी लय. कान हे जमवतात ते दोन कानांमधल्या अंतरामुळे. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा हिस्सा आधी पोचतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो. दोन स्पीकरच्या रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं आवळून बसवलेलं असतं. चाळीस स्पीकरमध्ये ते पुन्हा मोकळं होतं.

काही कलाकार सर्न (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) किंवा नासाचा डेटा वापरतात. विश्वाचा आवाज ऐकवतात म्हणे. तो खरा आवाज असतो का?

इथे नीट विचारून घ्यावं, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात.

14 सप्टेंबर 2015 रोजी लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लहरी) पकडल्या. ती लहर साधारण 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. हा टप्पा माणसाच्या कानाचाच आहे. म्हणजे उपकरणाचा संकेत तसाच स्पीकरला जोडला, तर जो 'चिवक्' आवाज येतो, तो त्या घटनेचा खरोखरचा चढता सूर. अंतराळात आवाज नव्हता, पण कंपनांचा आकडा तोच. (लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात आहे. ती सुरू होईल तेव्हा मराठवाड्यात असं एखादं नाद-दालन व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा.)

सर्नच्या कणांच्या टकरींना मात्र असा कुठलाही सूर नसतो. तिथे कोणत्या आकड्याला कोणता स्वर द्यायचा, हे कलाकार ठरवतो. जपानचे र्‍योजी इकेडा 2014-15 मध्ये सर्नमध्ये निवासी कलाकार होते. काळ्या-पांढऱ्या रेघांचा धो-धो पाऊस आणि कानाच्या वरच्या टोकाला टोचणारे सूर ही त्यांची ओळख. 2019 पासूनच्या त्यांच्या 'डेटा-व्हर्स' मालिकेत अणूच्या आतपासून दीर्घिकांपर्यंतचा डेटा भिंतभर वाहतो. त्यातून तुम्ही कणभौतिकी शिकणार नाही. पण आकड्यांचा पसारा किती मोठा आहे आणि आपली नजर त्यापुढे किती लवकर हात टेकते, हे पोटात कळतं. मला ते पुरेसं वाटतं. 'विश्वाचं संगीत ऐका' अशी पाटी दिसली, तर तिथल्या माणसाला एवढंच विचारा: स्वर डेटातून आला की तुम्ही नेमून दिला? प्रामाणिक माणूस सरळ सांगतो.

हे सगळं कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर आल्यानंतरचंच ना?

अजिबात नाही. 1958 सालच्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचं दालन होतं. काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे, म्हणजे ज्यांनी आपलं चंदीगड आखलं तेच. दालनाची वळणदार पत्र्यासारखी रचना त्यांचे साहाय्यक यानिस झेनाकिस यांची, संगीत एडगार वारेझ यांचं. आत शेकडो स्पीकर आणि आठ मिनिटांचा कार्यक्रम. आवाज भिंतींवरून धावत जायचा.

1970 साली ओसाकाच्या प्रदर्शनात कलाकार आणि इंजिनिअरांनी मिळून अवाढव्य अंतर्गोल आरशाचा घुमट उभारला. अंतर्गोल आरशाची किरणाकृती दहावीत सगळ्यांनी काढलेली असते: वस्तू नाभीच्या पलीकडे असली की प्रतिमा खरी आणि उलटी. तिथे माणसं वर पाहत तेव्हा त्यांचीच उलटी प्रतिमा हवेत लटकलेली दिसे. त्या दालनाभोवती फुजिको नाकाया यांनी निव्वळ पाण्याचं धुकं सोडलं होतं. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया, प्रयोगशाळेत हिमस्फटिक तयार करणारे पहिले शास्त्रज्ञ. घरातलाच विषय मुलीने वेगळ्या वाटेने नेला.

आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँथनी मॅकॉल यांनी 1973 साली एक चित्रफीत केली: काळ्या पडद्यावर एक ठिपका अर्ध्या तासात वर्तुळ पूर्ण करतो. पाहायचं ते पडद्याकडे नव्हे, प्रोजेक्टरच्या झोताकडे. हवेत हळूहळू प्रकाशाचा पोकळ शंकू तयार होतो आणि माणसं त्यात हात घालतात, आत शिरतात. न्यूयॉर्कच्या जुन्या गोदामांत धूळ आणि सिगारेटचा धूर होता म्हणून झोत दिसला. स्वच्छ हवेच्या संग्रहालयात दिसेना, मग धुक्याचं यंत्र आणावं लागलं. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या पिढीला हा झोत ओळखीचा आहे. बिडीच्या धुरातून डोक्यावरून जाणारा तो निळसर पट्टा मागे वळून बघणारी पोरं प्रत्येक खेळाला असायची.

लुकलुकणाऱ्या दिव्यांनी त्रास होतो का?

काहींना होतो, आणि हे हलक्यात घेऊ नये. घरात कुणाला फिट्स येत असतील किंवा लहानपणी आल्या असतील, तर लुकलुकणारा प्रकाश असलेल्या दालनात जाऊ नका. सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारी उघडझाप सर्वांत धोक्याची. 1997 साली जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने 600 हून अधिक मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. दाराशी सूचना नसेल तर विचारा. अर्धशिशी असलेल्यांनीही विचारावं.

बाकीच्यांना मात्र या उघडझापेत विलक्षण गोष्टी दिसतात. ब्रायन गायसिन हे चित्रकार 1958 च्या डिसेंबरमध्ये मार्सेयला बसने चालले होते. डोळे मिटलेले, दुतर्फा झाडं, झाडांमागून सूर्य. मिटल्या डोळ्यांपुढे रंगांचे गालिचे उलगडू लागले. त्यातून पुढे इयन सॉमरव्हिल यांच्याबरोबर त्यांनी 'ड्रीममशीन' केलं: रेकॉर्ड प्लेअरवर फिरणारी, खाचा पाडलेली नळी आणि आत दिवा. डोळे मिटून समोर बसायचं. जुन्या रस्त्यावर वडांच्या रांगेतून एसटी जाताना, खिडकीशी डोळे मिटून बसलं की नेमकं हेच होतं. मला लहानपणी ते फक्त माझ्याच डोळ्यांना होतं असं वाटायचं.

आपल्याकडे असं काही पाहायला मिळतं का?

नव्या कलेतलं हवं असेल, तर डिसेंबरात पणजीला भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि कोचीचं बिएनाले (दोन वर्षांनी एकदा भरणारं कलाप्रदर्शन) या दोन जागांवर लक्ष ठेवा. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं एक काम मी आवर्जून सांगतो: तुरुंगवास भोगलेल्या 100 कवींच्या ओळी, 100 टांगलेल्या मायक्रोफोनांतून. मायक्रोफोन उलटे जोडून त्यांचेच स्पीकर केलेले. दोन्हींच्या आत तत्त्व एकच असल्याने हे जमतं, आणि ऐकण्याच्या यंत्राने बोलू लागणं हा त्या कवितांचा अर्थही आहे. मुंबईत 1954 साली जन्मलेले अनिश कपूर यांनी खड्ड्याच्या आत इतका काळा रंग दिला की तो जमिनीवरचा सपाट गोल वाटावा. 2018 साली पोर्तुगालमध्ये एक प्रेक्षक त्यात पडला.

जुन्यातलं म्हणाल, तर सोलापूरहून जवळ विजापूरचा गोल घुमट आहे. 1656 चा. गॅलरीत भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. सहलींच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा.

आणि कोल्हापूर. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला, तसाच 9, 10, 11 नोव्हेंबरला असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. ती पूजा आहे, तिला मांडणशिल्प म्हणणं बरोबर नाही. पण टरेल ॲरिझोनातल्या रोडन क्रेटर या विझलेल्या ज्वालामुखीत 1970 च्या दशकापासून जे कोरत आहेत, ते समजून घ्यायला कोल्हापूरकर इतरांपेक्षा चार पावलं पुढे आहे. तिथल्या बोगद्यात चंद्राची प्रतिमा 18.6 वर्षांच्या चक्राने नेमकी पडते. दोन्हीकडे दगडाने जागा करून द्यायची आणि आकाशातल्या गोलाने वेळेवर यायचं. वाटेत वाढलेल्या बांधकामांमुळे किरण अडतात अशी बातमी आली की मला फार लागतं.

विज्ञान शिकलेलं नसेल तर कळेल का?

हो. आत जाण्याआधी काही वाचू नका, बाहेर आल्यावर वाचा.

आई-बाबांना, लहान मुलांना नेऊ का?

न्या, विचार करून. गांझफेल्डमध्ये तोल जाऊ शकतो. गुडघ्याचा त्रास किंवा चक्कर असेल तर हात धरा किंवा स्कायस्पेस निवडा, तिथे बसायला बाक असतो. वयाबरोबर वरच्या पट्टीचे सूर ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे इकेडांच्या दालनात नातू कान झाकेल आणि आजोबांना काहीच ऐकू येणार नाही. दोघांनी एकमेकांना विचारलं तर त्यातूनच गप्पा निघतील. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनाही खर्जातला नाद छातीवर आणि तळपायांना जाणवतो, जसा ढोल-ताशा पथक जवळून जाताना सगळ्यांनाच जाणवतो. मोठा आवाज असेल तिथे मुलांना कानात बोळे द्या.

फोटो?

बाहेर पडताना एक काढा. कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या मनाने 'दुरुस्त' करतो, म्हणून तुम्ही पाहिलेला रंग त्यात येणार नाही.

घरी काही करून पाहता येईल का?

येईल. टेबल-टेनिसचा पांढरा चेंडू अर्धा कापा. कडांना कापूस लावून दोन्ही अर्धे डोळ्यांवर बसवा, डोळे उघडेच ठेवा. खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललँपला लाल जिलेटीन कागद बांधा, कागद दिव्याला चिकटू देऊ नका. लँपकडे तोंड करून आरामखुर्चीत बसा. शेजारी जुना रेडिओ असेल तर दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावा. सुरुवातीला सगळं लालभडक दिसेल. मग कधीतरी लक्षात येईल की लाल गेलं आहे आणि राखाडी आलं आहे, नेमकं कधी ते सांगता येणार नाही. तेव्हा घरातल्या कुणाला तरी तुमच्या आणि लँपच्या मधून हात फिरवायला सांगा. सावली सरकली की लाल रंग क्षणात परत येतो.